मुलींचे शिक्षण : काबूलचा धडा आणि आपले घर

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)





आता थोड्या वेळापूर्वी या व्यासपीठावर बक्षिसे वाटली गेली. नावे पुकारली जात होती आणि एकेक मुलगी येऊन प्रशस्तिपत्रक घेऊन जात होती. आठवीत पहिली आलेली, नववीत विज्ञानात पहिली आलेली, दहावीच्या परीक्षेत संस्थेचे नाव राखणारी. तुम्ही टाळ्या वाजवीत होता, मीही वाजवीत होतो. परंतु माझ्या मनात एक विचार येत होता आणि तो तुमच्यासमोर मांडल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. याच मुली, याच वयाच्या, याच बुद्धीच्या, जर अफगाणिस्तानात जन्मल्या असत्या, तर आजच्या यादीतील सहावीच्या पुढचे एकही नाव येथे पुकारता आले नसते. कारण त्या देशात मुलीची शाळा सहावीला संपते. त्यापुढे तिला सरकारी हुकमानेच बंदी आहे.

आज जगात असा हा एकच देश आहे. मुलींच्या माध्यमिक शिक्षणावर कायद्याने बंदी असणारा दुसरा देश नाही. आणि तो देश मुसलमानांचा आहे, ही गोष्ट आपल्याला अधिक बोचावी अशी आहे. म्हणून समाजातील शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मला झाली, तेव्हा मी हाच विषय निवडला. तेथील मुली बंद दारामागे बसून कशा शिकत आहेत, हे तुम्हाला सांगावे आणि त्यातून आपल्या घराकडे एकदा पाहावे, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम हकीकत सांगतो. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल घेतले. पुढच्याच महिन्यात माध्यमिक शाळा उघडल्या, पण फक्त मुलांसाठी. मुलींबद्दल घोषणेत अक्षरही नव्हते. लवकरच उघडू, नियम ठरवीत आहोत, असे सांगितले गेले. त्या देशात शाळेचे नवे वर्ष वसंतात, मार्च महिन्यात सुरू होते. २३ मार्च २०२२ रोजी मुलींच्या शाळाही उघडणार असे जाहीर झाले होते. त्या सकाळी मुली गणवेश घालून, दप्तरे घेऊन गेल्या. काही तर वर्गात जाऊन बसल्या. आणि त्याच दिवशी वरून हुकूम आला की परत जा. त्या मुली रडत रडत घरी परतताना जगाने पाहिल्या. पुढे २० डिसेंबर २०२२ रोजी विद्यापीठेही मुलींना बंद झाली. डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका आणि दाई यांचे प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांचेही दार लागले. युनिसेफने मार्च २०२५ मध्ये सांगितले की या बंदीमुळे शिक्षणाला मुकलेल्या मुलींची संख्या २२ लाखांवर गेली आहे. सहावी पास होणे ही आपल्या घरी आनंदाची गोष्ट असते. तेथे पास झालेल्या मुलीच्या घरी त्या दिवशी सुतक पडल्यासारखे होते. शाळेत आणखी एक वर्ष बसता यावे म्हणून काही मुली पुन्हा सहावीतच राहिल्या, असेही वृत्तांत आले आहेत.

कोणी म्हणेल, तो देशच तसा मागासलेला. हे खरे नाही. काबूलमध्ये मुलींची पहिली शाळा १९२१ साली बादशहा अमानुल्लाखान यांची राणी सुरय्या हिच्या पुढाकाराने सुरू झाली. त्यानंतर कितीतरी चढउतार झाले. १९९६ ते २००१ या काळात तालिबानचे पहिले राज्य होते, तेव्हाही मुलींच्या शाळा बंदच होत्या. परंतु ते राज्य गेल्यावर, २००१ मध्ये जवळजवळ शून्यावर आलेली प्राथमिक शाळेतील मुलींची संख्या २०१८ पर्यंत सुमारे २५ लाख झाली, असे युनेस्कोचे आकडे सांगतात. शाळेचे दार उघडताच मुली धावत आत आल्या. म्हणजे शिकण्याची हौस त्या समाजात नव्हती असे नाही.

त्या पहिल्या बंदीच्या काळातील एक गोष्ट तुम्हाला सांगण्यासारखी आहे. हेरात हे शहर कवींचे आणि विद्वानांचे म्हणून प्रसिद्ध आहे. तेथे स्त्रियांचा एक शिवणवर्ग होता. बायका बुरखा घालून, पिशवीत कापड, कात्री, दोरा घेऊन यायच्या. पहारेकऱ्याने पाहिले तर शिवणकाम. पण कापडाखाली वही असे आणि आत साहित्याचा पाठ चाले. हेरात विद्यापीठातील प्राध्यापक त्यांना शिकवीत. पकडले गेले असते तर काय झाले असते, हे सर्वांना ठाऊक होते. तरी वर्ग चालला.

या वेळी ती शिवणाची पिशवी म्हणजे मोबाईल फोन झाला आहे. बंदी आल्यावर थोड्याच दिवसांत देशाबाहेर गेलेल्या अफगाण स्त्रियांनी आणि देशातच घरी बसवल्या गेलेल्या शिक्षिकांनी फोनवर वर्ग सुरू केले. अँजेला गयूर या बाई मूळच्या हेरातच्या. लहानपणी घरचे लोक लढाईमुळे इराणात पळाले, आणि निर्वासित म्हणून तेथे काही वर्षे त्यांना शाळेत प्रवेश मिळाला नाही. शाळेबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः सोसले होते. पुढे त्या ब्रिटनमध्ये राहू लागल्या. २०२१ मध्ये त्यांनी हेरात ऑनलाईन स्कूल या नावाने वर्ग उघडले. निरनिराळ्या देशांतील शेकडो लोक तेथे विनामूल्य शिकवू लागले आणि टेलिग्राम व स्काईप यांवरून गणित, चित्रकला, स्वयंपाक, संगीत असे अनेक विषय मुलींपर्यंत पोचू लागले.

हे वर्ग कसे चालतात, हे पालकांनी नीट समजून घ्यावे. मुलगी कोपऱ्यात बसते. पुष्कळदा तिचा कॅमेरा बंद असतो आणि खरे नावही दिसत नाही. शिक्षिका दूरदेशी असेल तर तेथील पहाट आणि इकडची दुपार यांचा मेळ घालावा लागतो. इंटरनेट महाग आणि मंद. म्हणून पुष्कळ शिक्षिका संपूर्ण तास थेट घेण्याऐवजी पाठ लहान लहान ध्वनिफितींत बोलून पाठवतात. मुलगी सवडीने ते ऐकते, वहीत लिहिते, वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवते आणि शिक्षिका तो तपासून परत करते. वीज असेल तेव्हा फोन भरून ठेवायचा, कारण त्या देशात वीज बहुतांशी उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, इराण अशा शेजाऱ्यांकडून विकत येते आणि तास न् तास जाते.

ज्या घरी इंटरनेट पोचत नाही, तेथे रेडिओ पोचतो. हमीदा अमान या पत्रकार बाईंनी ८ मार्च २०२१ रोजी काबूलमध्ये रेडिओ बेगम हे केंद्र सुरू केले. चालवणाऱ्या स्त्रियाच. शाळा बंद झाल्यावर या केंद्राने शाळेची पाठ्यपुस्तके रेडिओवरून शिकवायला घेतली. पुढे सातवी ते बारावीचे पाठ दरी आणि पश्तू भाषांत चित्रित करून इंटरनेटवर ठेवले गेले, आणि मार्च २०२४ मध्ये पॅरिसहून उपग्रहामार्फत बेगम टीव्ही सुरू झाला. बी.बी.सी.नेही २०२३ पासून दर्स नावाचा शैक्षणिक कार्यक्रम त्या मुलांमुलींसाठी चालू केला. छतावर तबकडी असली की घरात शाळा येते.

हे सारे ऐकून आपल्याला कौतुक वाटते. वाटावेच. परंतु कौतुकाच्या भरात एक चूक होऊ नये. फोनवरची शाळा म्हणजे शाळा नव्हे. बुडणाऱ्याला फेकलेली ती दोरी आहे. दोरीने जीव वाचतो, पण दोरीवर कोणी घर बांधीत नाही.

याची कारणे सांगतो. पहिले कारण असे की दोरी दुसऱ्याच्या हातात असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेडिओ बेगमच्या कचेरीवर छापा पडला, प्रसारण थांबले आणि काही आठवड्यांनी परवानगी मिळाल्यावरच पुन्हा सुरू झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये बल्खसारख्या प्रांतांतील तारेचे इंटरनेट तोडले गेले, आणि २९ सप्टेंबरला तर साऱ्या देशाचे इंटरनेट व फोन बंद झाले. दोन दिवसांनी ते परत आले. त्या दोन दिवसांत त्या मुलींना काय वाटले असेल, याचा विचार करा. सगळी शाळाच एका कळीवर. कोणी कळ दाबली की फळा, खडू, बाई, मैत्रिणी सर्व अंधारात.

दुसरे कारण दाखल्याचे. मुलगी घरी बसून बारावीचे गणित शिकली, इंग्रजी शिकली, तरी तिच्या हाती सरकारमान्य प्रमाणपत्र येत नाही. त्या प्रमाणपत्रावाचून पुढच्या विद्यापीठाचे दार ठोठावणे कठीण. परदेशी ऑनलाईन विद्यापीठांनी अफगाण मुलींना शिष्यवृत्त्या दिल्या आहेत, आपल्या भारत सरकारनेही अफगाण विद्यार्थ्यांसाठी ऑनलाईन शिष्यवृत्त्या ठेवल्या. परंतु जी मुलगी सातवीतच अडकली तिला तेथवर पोचायचे तर मधल्या सहा पायऱ्या कोणी द्यायच्या?

तिसरे कारण माझ्यासारख्या शिक्षकाला सर्वांत मोठे वाटते. शाळेत मुलगी केवळ धडा शिकत नाही. बाकावर शेजारी बसलेल्या मैत्रिणीशी भांडते, मिटवते, प्रयोगशाळेत परीक्षानळी फोडते, बाईंचा ओरडा खाते आणि कवायतीला उन्हात उभी राहते. घराच्या उंबऱ्याबाहेर आपणही कोणीतरी आहोत, हे तिला तेथे कळते. कॅमेरा बंद करून, खोटे नाव घेऊन शिकणाऱ्या मुलीला हे कोण शिकवणार? आणि परिचारिका किंवा दाई होण्याचे शिक्षण तर फोनवर घेताच येत नाही. ज्या देशात कित्येक ठिकाणी स्त्रीने स्त्री-डॉक्टरकडेच जावे असा आग्रह आहे, त्याच देशात स्त्रीने डॉक्टर किंवा दाई होण्याची वाट बंद केली. मग उद्या बाळंतिणीच्या उशाशी कोण बसणार, याचे उत्तर हुकूम काढणाऱ्यांनी दिलेले नाही.

आता धर्माबद्दल एक शब्द. कारण ही बंदी धर्माच्या नावाने सांगितली जाते आणि आपल्यापैकी काहींच्या मनातही शंका राहते. पवित्र कुरआनाच्या अवतरणाचा आरंभ वाचण्याच्या आज्ञेने झाला, हे येथील पाचवीतला मुलगाही सांगेल. ज्ञान मिळवणे हे पैगंबरसाहेबांनी (स.) मुसलमानाचे कर्तव्य ठरविले, त्यात पुरुष-स्त्री असा भेद आमच्या उलेमांनी केलेला नाही. उम्मुल मोमिनीन हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीस उम्मतला मिळाल्या, मोठमोठे सहाबी त्यांच्याकडे प्रश्न घेऊन जात. हजरत शिफा बिन्त अब्दुल्लाह (रजि.) या लिहिणे जाणणाऱ्या बाईंनी उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांना लिहायला शिकवले होते. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीला अक्षर शिकवावे, हे पैगंबरसाहेबांच्या स्वतःच्या घरात घडले. म्हणूनच डिसेंबर २०२२ मध्ये कैरोच्या अल-अझहरचे शेख अहमद अल-तय्यब यांनी ही बंदी शरियतच्या विरुद्ध आहे, असे स्पष्ट सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये इस्लामाबादला मुस्लिम समाजांतील मुलींच्या शिक्षणावर परिषद भरली, तीत देशोदेशीचे उलेमा होते आणि मुलींच्या शिक्षणाच्या बाजूनेच जाहीरनामा निघाला. तेव्हा या बंदीला दीनाचा आधार आहे, असे कोणी तुम्हाला सांगितले तर त्याला नम्रपणे पण ठामपणे उत्तर द्या.

बंधू-भगिनींनो, येथवर मी दूरची गोष्ट सांगितली. आता जवळची सांगतो.

काबूल किंवा हेरातमधील ज्या मुली आज फोनवर शिकत आहेत, त्या एकट्या शिकत नाहीत. कोणीतरी बाप रिचार्जचे पैसे देतो. कोणीतरी भाऊ आपला फोन दोन तास बहिणीच्या हाती ठेवतो आणि दाराशी बसतो. कोणीतरी आई भांडी स्वतः घासते आणि मुलीला म्हणते, तू वही उघड. सगळीच घरे अशी नाहीत. शाळा सुटली म्हणून पोरीचे लग्न उरकून टाकणारीही घरे तेथे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जेथे मुलगी शिकते आहे, तेथे सरकारने लावलेले दार तिच्या घरच्यांनी आतून किलकिले केले आहे.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे दार उघडे आहे. ते उघडण्यासाठी आपल्याच पूर्वजांनी हात लावला आहे. १८४८ साली पुण्याला जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. पुढे १८४९ मध्ये त्यांना वडिलांचे घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमा या सहकारिणीचा उल्लेख आहे. महाराष्ट्रातील मुलींच्या शिक्षणाच्या पायात एका मुसलमान घराचा दगड आहे, हे आपण विसरता कामा नये. मुंबईत १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली, आणि पुढे गावोगावी आपल्या संस्था निघाल्या. आज बारावीपर्यंत मुलीला फी नाही. खेड्यातील मुलीला पाचवी ते बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास आहे. २०२४ पासून ठराविक उत्पन्नाच्या आतील कुटुंबांतील मुलींना अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्कही माफ झाले आहे.

मग आठवीनंतर, दहावीनंतर आपल्या मुली वर्गातून कोठे जातात? शिक्षण हक्काचा कायदा चौदाव्या वर्षापर्यंत हात धरतो. त्यापुढे हात धरायचा तो घराने. आणि नेमके तेथेच, शाळा लांब आहे, वय झाले आहे, चांगले स्थळ आले आहे, घरी आजीला बघायला कोणी नाही, अशी कारणे निघतात. यांतील एकही कारण सरकारी हुकूम नाही. तेथे दार सरकारने लावले आणि घराने उघडले. येथे सरकारने उघडले, आणि लावणारे हात कधी कधी घरातलेच असतात.

हे मी दुसऱ्याला दोष देण्यासाठी बोलत नाही. प्रथम माझा दोष सांगतो. मी एका हायस्कुलात मुख्याध्यापक होतो. १९९६ साल, जून महिना. नववीतील एका मुलीचे वडील दाखला न्यायला आले. मुलगी हुशार होती. गणितात वर्गात पहिली येई. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. कारकुनाने तेथे "घरगुती अडचण" असे लिहून कागद माझ्यापुढे ठेवला. प्रवेशाची गर्दी होती. मी सही केली आणि पुढचा कागद घेतला. त्या गृहस्थांना मी खुर्चीवर बसा असेही म्हटले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तालिबानने पहिल्यांदा काबूल घेतले आणि तेथील मुलींच्या शाळा बंद झाल्या. वर्तमानपत्रात ते वाचून मी शिक्षकांच्या खोलीत फार तावातावाने बोललो होतो, हे मला चांगले आठवते.

पुष्कळ वर्षांनी ती मुलगी मला एका लग्नात भेटली. तोवर ती स्वतः तीन मुलांची आई झाली होती. सलाम केला, प्रकृती विचारली. मग म्हणाली, "सर, माझ्या दाखल्यावर तुमचीच सही आहे. अब्बा तुम्हाला फार मानायचे. त्या दिवशी तुम्ही त्यांना एक शब्द बोलला असतात, तर त्यांनी ऐकले असते." तिच्या बोलण्यात राग नव्हता. एवढे बोलून ती बायकांच्या पंगतीकडे निघून गेली. मी मात्र त्या रात्री झोपू शकलो नाही. काबूलचा हुकूम मला अन्याय वाटला होता. माझी सही मला कामकाज वाटली होती.

आता फोनचा प्रश्न. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे आपल्याही शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर आले. त्या वेळी तुमच्या घरी काय झाले, ते आठवून पाहा. घरात फोन एक आणि मुले तीन. तो फोन प्रथम कोणाच्या हातात गेला? पुष्कळ घरी मुलाच्या. मुलीने भाकऱ्या झाल्यावर, रात्री डेटा उरला तर पाहायचे. शाळा उघडल्यावर काही मुली परत आल्याच नाहीत. शिवाय मुलीच्या हाती फोन दिला तर ती बिघडेल, ही भीती आहेच. मघाशी मी बल्ख प्रांताचे इंटरनेट तोडल्याचे सांगितले. तेथील अधिकाऱ्यांनीही अनैतिकता रोखण्यासाठी हे केले असेच कारण दिले होते. आपण आपल्या घरी तेच कारण, तेच शब्द वापरतो की काय, हे तपासून पाहावे. भीती अगदीच खोटी आहे असे मी म्हणत नाही. फोनमध्ये वाईटही पुष्कळ आहे, आणि ते मुलाच्या हातातही तितकेच वाईट आहे. त्यावर उपाय म्हणजे मुलांजवळ बसणे, विचारणे, वेळ ठरवून देणे. ज्या घराचा कर्ता पुरुष कुवेतला किंवा दुबईला आहे, ते घर रोज रात्री फोनवरच चालते. बाप तेथून मुलांची हजेरी घेतो, खर्चाचा हिशेब घेतो. ज्या फोनने घर चालते, त्या फोनने मुलीचा अभ्यास का चालू नये?

परंतु पुन्हा सांगतो, आपल्या मुलींसाठी फोन हा शाळेच्या जोडीला हवा, शाळेच्या जागी नको. दहावी झाली, आता घरी बसून ऑनलाईन काहीतरी कर, असे म्हणणारे पालक मला अलीकडे भेटू लागले आहेत. वाटते की मुलगीही शिकली आणि बाहेरही गेली नाही. काबूलच्या मुलीला विचारा. ती सांगेल की मी कॅमेरा बंद करून शिकते ते नाइलाजाने. मला शाळेची घंटा ऐकायची आहे. जे तिने निरुपायाने पत्करले, ते आपण आपल्या मुलीवर हौसेने का लादावे?

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली पालकांना. मुलीचा दाखला काढण्यापूर्वी एकदा शाळेत येऊन शिक्षकांपुढे बसा आणि खरे कारण सांगा. अंतराचे असेल तर एस.टी.चा पास, वसतिगृह, चार मुलींनी मिळून जाणे, असे काही ना काही निघते. स्थळाचे असेल तर मुलाकडच्यांना सांगा की बारावी होईपर्यंत थांबा. जे दोन वर्षे थांबायला तयार नाहीत, ते पुढे मुलीला कसे वागवतील याचाही विचार करा.

दुसरी शिक्षकांना. दाखल्याच्या त्या रकान्यात "घरगुती अडचण" लिहून मोकळे होऊ नका. सही करण्यापूर्वी एक शब्द बोला. मी बोललो नाही, त्याची किंमत मी भरली नाही, तिने भरली.

तिसरी संस्थेला. आपल्या मोहल्ल्यात शाळा सुटलेल्या मुली आणि तरुण आया आहेत. त्यांच्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षा आहेत, पुढे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. काबूलच्या मुलीला जो दाखला कितीही शिकून मिळत नाही, तो येथे घरी बसून अभ्यास करून मिळतो. संस्थेने दुपारी दोन ते चार शाळेची एक खोली या स्त्रियांना द्यावी, एक शिक्षिका नेमावी, फॉर्म भरून द्यावेत. खर्च फार नाही. एका वार्षिक समारंभाच्या मंडपाइतकाही नाही.

चौथी येथील तरुण शिक्षिकांना आणि पदवीधर मुलींना. काबूलचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या फक्त एक तास मागे आहे. युरोप-अमेरिकेतील बायका रात्री जागून त्या मुलींना शिकवतात. आपली संध्याकाळ ही त्यांचीही संध्याकाळ आहे. इंग्रजी आणि गणित शिकवणारे हात त्यांना हवे आहेत. खात्रीच्या संस्थेमार्फत, त्या मुलींचे नाव-गाव-चेहरा गुप्त राखून, आठवड्यातून दोन तास तुम्ही देऊ शकाल काय, याचा विचार करा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, मुलांनो, तुम्हाला एवढेच सांगतो की तेथे दाराशी बसणारा भाऊ लक्षात ठेवा. बहिणीचा अभ्यास चालू असताना तिला पाणी आणायला सांगू नका, स्वतः उठा. मुलींनो, तुम्ही उद्या सकाळी गणवेश घालाल, दप्तर उचलाल. कंटाळा आला असेल, गृहपाठ झाला नसेल. त्या वेळी २३ मार्च २०२२ ची सकाळ आठवा. त्या मुलींनीही असाच गणवेश घातला होता.

अध्यक्ष महोदय, पुढल्या वर्षी या समारंभात बक्षिसांची यादी वाचली जाईल. आज जी मुलगी नववीत पहिली आली, तिचे नाव त्या यादीत दहावीच्या रकान्यात असावे, आणि त्यानंतर अकरावीच्या. ते नाव तेथे असेल की नसेल, हे कोणत्याही सरकारच्या हाती नाही. ते या मंडपात बसलेल्या तुमच्या-आमच्या हाती आहे. अल्लाह आपल्याला ती सद्बुद्धी आणि हिंमत देवो, आणि काबूल-हेरातच्या लेकींच्या शाळांची घंटा पुन्हा वाजवो. आमीन.



खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.